संयोगिताची दुसरी बेंबी

संयोगिता इंगवले माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती माझ्या पोटाविषयी. नाव-गाव विचारायच्या आधीच तिनं कुडत्यावरून माझी वळी चिमटीत धरली, हॉलमधल्या तीसेक बायकांकडं वळली आणि म्हणाली, "ही पिशवी हितंच ठेवून जायची." बायका हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची आज मला जेवढी लाज वाटते तेवढी त्या वळीची कधी वाटली नव्हती.

मी प्रियदर्शनी मगदूम. माहेर शिरोळ, सासर कोल्हापूर, वय सेहेचाळीस. एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. दिवसभर पुस्तकांच्या सोबतीत राहणाऱ्या बाईला चार गोष्टी कळत असतील असा लोकांचा समज असतो. तो माझ्या बाबतीत किती खोटा आहे हे पुढं कळेलच.

संयोगिताचं सेंटर राजारामपुरीत, चपलांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर होतं. नाव 'नवी तू'. सकाळी झुंबा, मग शेक. शेक तीन चवींत मिळायचा, चॉकलेट, व्हॅनिला आणि आंबा, आणि तिन्हींची चव भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी लागायची. आम्ही तो पेला हातात धरून "मस्त हाय, मस्त हाय" म्हणत एकमेकींकडं बघायचो. दारासमोरच्या भिंतीवर तिचा फ्लेक्स होता. डावीकडं गाऊनमधली चौऱ्याण्णव किलोंची संयोगिता, उजवीकडं टी-शर्ट खोचलेली त्रेसष्ट किलोंची, पोट पाटासारखं सपाट. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ना औषध, ना ऑपरेशन.

रविवारी मापं व्हायची. ती टेप लावायची आणि आकडा मोठ्यानं सांगायची. जिचा आकडा वाढला असेल तिला फ्लेक्सखाली उभं करायची, सगळ्यांचं होईपर्यंत. तिचं म्हणणं एकच होतं, की लाज वाटल्याशिवाय चरबी हलत नाही. कोडोलीची बोली तिच्या तोंडात तशीच राहिली होती. मी करतो, मी जातो, असं आमच्याकडच्या पोरी बोलतात तसं बोलायची, आणि त्या रांगड्या बोलण्यामुळं ती आपल्यातलीच वाटायची. अपमानसुद्धा आपल्या माणसानं केल्यासारखा वाटायचा.

तिची स्वतःची गोष्ट ती दर रविवारी शेवटी सांगायची. ती निम्मी खरी होती, हे मला नंतर कळलं. कोडोलीत माहेरी म्हशी, दूध-दुभतं, खाऊन-पिऊन सुखी घर. लग्न झालं विजयसिंहशी, जुळी पोरं झाली, पोट कापून. पोरं चार वर्षांची असताना सासरकडच्या एका बारशाला पाहुण्यांतल्या बाईनं तिच्या पोटावर हात ठेवून विचारलं, "आता कितवा?" आणि शेजारी बसलेला विजयसिंह हसला. इथं आल्यावर संयोगिताचे डोळे भरायचे. आमचेही भरायचे. ते खरं होतं. त्यानंतर तिनं भाकरी-भात सोडला आणि रोज पहाटे रंकाळ्याला दोन फेऱ्या मारल्या, तेही खरं. वजन एकतीस किलोंनी उतरलं, तेही खरं. पण ते उतरलं तेव्हा हा शेक कोल्हापुरात आलाही नव्हता. तो तिनं गोष्टीत नंतर ओतला. आणि गोष्ट जिथं संपायची तिथं खरं तर संपत नव्हती.

सेंटरमध्ये बनाबाई नावाची एक साठीची बाई होती. झाडलोट करायची, शेक घुसळायची, पेले धुवायची. अंगानं रुंद, पोट पदराच्या पुढं. नवीन बाई चौकशीला आली की संयोगिता बनाबाईला मागच्या खोलीत पाठवायची. गिऱ्हाईकानं आधी तुझं पोट बघितलं तर माझं कोण ऐकणार, असं तिच्या तोंडावर म्हणायची. बनाबाई हातातला पेला ठेवायची. मागं जायची, डबा उघडायची आणि भाकरी-ठेचा खात बसायची. त्या ठेच्याचा वास हॉलमध्ये यायचा आणि आम्ही पुठ्ठा पीत तो हुंगायचो.

पहिल्या आठ महिन्यांत मी सात किलो उतरले. मग काटा हलेना. केस मात्र मुठीनं गळायला लागले आणि एकदा ग्रंथालयातल्या शिडीवर डोळ्यांपुढं अंधारी आली. संयोगिताला सांगितलं तर ती सगळ्यांसमोर म्हणाली की तुम्हा जैनांचं तर सोपं, दिवस बुडला की तोंड बंद. मग वजन कसं उतरत नाही? दुपारचं चोरून खाता की काय? मी चोरून काही खात नव्हते. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मी खरंच आठवत राहिले, की कुठं काही तोंडात टाकलं का. इतकी मी तिच्या धाकात होते.

मग तिनं मला 'ज्येष्ठ सखी' केलं. म्हणजे रविवारी टेपचं दुसरं टोक मी धरायचं आणि वहीत आकडे लिहायचे. बाकी काही नाही. पण हुद्दा मिळाला की माणूस आपला अपमान विसरतो आणि दुसऱ्याच्या अपमानाला हातभार लावतो. मी टेप चांगली घट्ट ओढत असे.

त्याच सुमारास संयोगितात काही बदल दिसायला लागले. झुंब्याला ती आमच्यापासून लांब उभी राहायची. हात वर करायचे असले की आमच्यातल्या एखाद्या पोरीला पुढं करायची. अत्तर इतकं लावायची की डोकं दुखावं. एका सकाळी तिच्या बदामी कुडत्यावर पोटाच्या बरोबर मध्यावर रुपयाएवढा ओला, पिवळट डाग होता. तास संपेपर्यंत ती फाईल पोटाशी धरून हिंडली. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

चार दिवसांनी तिनं मला जिन्यात गाठलं. बेळगावला एका डॉक्टरांकडं जायचं होतं, बाईमाणूस सोबत हवं होतं, आणि कुणाला कळता कामा नये. विजयसिंहच्या ड्रायव्हरलाही नाही, म्हणून एस.टी.नं. मी लगेच हो म्हटलं. काय झालंय हे विचारलंसुद्धा नाही. मॅडमनी मलाच निवडलं याचाच मला आनंद. घरी सम्मेदना, माझ्या नवऱ्याला, सांगितलं की ग्रंथपालांची बैठक आहे. त्यांनी वाटेत खायला चिवडा बांधून दिला.

डॉक्टरांचं नाव अनेकांत शेटे. शांत माणूस, नर्सशी कानडीत बोलायचा, आमच्याशी मराठीत. त्यांनी मलाही आत बोलावलं, कारण नंतरचं ड्रेसिंग घरी कुणीतरी शिकून घ्यायला हवं होतं. संयोगिताला ते नको होतं, पण दुसरा मार्ग नव्हता. मी खुर्चीवर टेकले आणि डॉक्टरांनी आवाज जराही न उतरवता विचारलं, "टमी टक केव्हा झाली?"

संयोगिता माझ्याकडं बघेना. छताच्या पंख्याकडं बघत म्हणाली, "तीन वर्षं झाली. पुण्यात."

मला वाटलं ही एखादी तपासणी असेल. मग ती पलंगावर आडवी झाली, नर्सनं कपडा बाजूला केला, आणि मला दिसलं. एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत, ओटीपोटाच्या खालून, धनुष्यासारखा वाकलेला वण. पोत्याचं तोंड दाभणानं शिवावं तसा. आणि बेंबी असते तिथं बेंबी नव्हती. पांढरट, ताणलेल्या कातड्याचं एक कडं आणि त्याच्या मध्ये बोरूच्या टोकाएवढं छिद्र. नर्सनं कडेला दाबलं तेव्हा छिद्रातून थेंबभर पाणी आलं, वास सुटला आणि एवढ्या अत्तराचा मला उलगडा झाला.

डॉक्टरांनी कागदावर पेनानं चित्र काढून समजावलं. वजन उतरलं तरी ताणलेलं कातडं परत जात नाही, लोंबतं. मग ते खालून कापून काढतात आणि वरचं कातडं चादरीसारखं खाली ओढून शिवतात. बेंबी मात्र देठासकट जागच्या जागीच असते. तिच्यासाठी त्या चादरीला नवं भोक पाडायचं, तिला वर आणायचं आणि भोवती टाके घालायचे, काजासारखे. तो वण भरताना आवळतो. काहींचा जास्त आवळतो. संयोगिताचा इतका आवळला होता की बेंबी आत कोंडली गेली होती आणि घाम-मळ बाहेर यायला वाट राहिली नव्हती.

"भोक आवळू नये म्हणून आत ठेवायला काही दिलं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

दिलं होतं म्हणाली. सिलिकॉनची छोटी गुंडी, दोन-तीन महिने ठेवायची. तिनं पंधराव्या दिवशी काढून टाकली. पुण्याला परत दाखवायलाही गेली नाही. डॉक्टरांनी कारण विचारलं. मग सांगितलं की सेंटरचं उद्घाटन होतं, फ्लेक्ससाठी फोटो काढायचा होता, आणि टी-शर्टमधून ती गुंडी उठून दिसत होती.

म्हणजे दोन वर्षं मी ज्या फोटोखाली बायकांना उभं राहिलेलं बघत होते, तो फोटो असा काढलेला होता.

डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की जिवाला धोका काही नाही, तासाभराचं काम आहे, जागा बधिर करून करू. तो आवळलेला वण कापायचा, भोवतीच्या कातड्याच्या तीन लहान पाकळ्या करून आत वळवायच्या आणि तळाशी टाचायच्या. मग संयोगितानं मोबाईल काढला. तिनं नट्यांच्या बेंब्यांचे फोटो जमवून ठेवले होते, वीस-पंचवीस तरी असतील. एकेक सरकवून दाखवायला लागली. ही जरा उभी, ही खोल, ही वरून थोडी झाकलेली. साडीच्या दुकानात काठ बघावेत तशी. डॉक्टरांनी चार फोटो पाहिले आणि मोबाईल हळूच तिच्याकडं परत केला.

"पहिल्यासारखी होणार नाही," ते म्हणाले. "बेंबीसारखी होईल."

परतीच्या एस.टी.त निपाणी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मला सारखी ती 'ना ऑपरेशन'ची ओळ दिसत होती. शेवटी मी विचारलं, "मग शेकचं काय?"

"शेक बी पीत होतो की," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुम्ही आम्हाला फसवलंत. तिनं खिडकीतून नजर काढून माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर अपराध वगैरे काही नव्हता. कंटाळा होता.

"वहिनी, दोन वर्षं तुम्ही सगळ्या माझ्या पोटाकडं बघालाय. एकीनं तरी विचारलं का, मॅडम, एवढं कातडं गेलं कुठं म्हणून? तुम्हाला ऐकायचंच नव्हतं. फुकटात सपाट व्हायचं होतं."

कागल आलं. तिनं सम्मेदनी दिलेला चिवडा मागून घेतला आणि कोल्हापूर येईपर्यंत मूठ-मूठ करून सगळा संपवला.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात झालं आणि संध्याकाळी आम्ही परत आलो. त्यानंतर महिनाभर मी ग्रंथालय सुटलं की तिच्या घरी जाऊन ड्रेसिंग करत होते. कशासाठी, असं मला कुणी विचारलं असतं तर मी माणुसकी म्हणून सांगितलं असतं. ते खोटं होतं. गुपित माझ्याकडं होतं आणि गुपिताची एक ऐट असते. विजयसिंह हॉलमध्ये टीव्ही बघत बसलेला असायचा. त्याला दोन्ही ऑपरेशनं ठाऊक होती. पहिल्यावेळी पुण्याला तोच घेऊन गेला होता. या वेळी मात्र बेंबीला कोण विचारतंय, नाकाचं असतं तर गोष्ट वेगळी, असं म्हणून त्यानं अंग काढून घेतलं होतं. मी कापसाचं पाकीट फोडलं की तो उठून गॅलरीत जायचा. बारशातला हाच तो हसलेला माणूस. हिनं अंगाची एवढी चिरफाड करून घेतली ती याच्या एका हसण्यावरून, आणि हा आता बघायलाही तयार नव्हता.

टाके काढल्यावर डॉक्टरांनी आत ठेवायला काचेची गोटी दिली. पोरं खेळतात तशीच, हिरवी, औषधात उकळून घेतलेली. रोज ती काढायची, जागा पुसायची, मलम लावायचं, गोटी परत बसवायची आणि वरून पट्टी. एका शनिवारी मी गोटी काढली तेव्हा संयोगिता डोळे मिटून पडली होती. उशीचा अभ्रा मुठीत धरून तिनं विचारलं, "दिसालीय का बेंबीसारखी?"

मी वाकून पाहिलं. खरंच बेंबीसारखी दिसत होती. लहान, उभी, वरच्या कडेला पापणीसारखी किंचित मुडप. डॉक्टरांचा हात चांगला होता. मी तसं सांगितलं. तिच्या मिटल्या डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात उतरलं आणि त्या घटकेला मला तिची कीव आली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मापं घेताना तिनं एका बाईला म्हैस म्हटलं, आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. कीव तिथंच संपली. पण टेप मी सोडली नाही.

बनाबाईनं मला त्याच आठवड्यात धरलं. सेंटरच्या मोरीत मी हात धूत होते. ती पेले विसळत होती. मान वर न करता म्हणाली की तुम्ही तिकडं पट्टी करायला जाता ते मला ठाऊक आहे. मी विचारलं, कुणी सांगितलं? तिला सांगायची गरजच नव्हती. पुण्याहून आली तेव्हा पहिले दोन महिने संयोगिताला आंघोळ बनाबाईच घालत होती. पहिल्या दिवसापासून तिला सगळं माहीत होतं.

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

"मला कोन इचारतंय? मला तर मागं बशिवत्यात." तिनं पेला पालथा घातला. "त्ये जाऊ द्या. ती खोटं बोलती ती पोटासाठी बोलती. तुमी कशासाठी?"

बनाबाईचा आवाज चढला नव्हता. तिनं माझ्याकडं बघितलं मात्र, आणि त्या बघण्यात जो तिरस्कार होता तो संयोगितानं दोन वर्षांत कुणाकडं बघताना दाखवला नव्हता. संयोगिताला आमची पोटं आवडत नव्हती. बनाबाईला मी आवडत नव्हते.

तरीही मी पुढचे दोन महिने गप्प बसले. हे मी लपवणार नाही. बोलले ते राजनंदिनी नावाच्या मुलीमुळं. बिद्रीकडची, नुकतीच बाळंत झालेली, बाळ चार महिन्यांचं. आई बाळाला घेऊन खाली दुकानाच्या पायरीवर बसली होती आणि ही वर माप द्यायला आली होती. अंगावर पिणाऱ्या पोराची आई. संयोगितानं तिचा कुडता वर करायला लावला, ढिलं पोट चिमटीत धरलं आणि सगळ्यांना दाखवलं. भाकरी, डिंकाचे लाडू बंद, दोन वेळा शेक, असं सांगितलं. मुलगी हळू आवाजात म्हणाली की दूध कमी होईल. संयोगितानं तिला गप्प केलं. मग तिनं स्वतःचा पदर बाजूला घेतला. त्या दिवशी ती मुद्दाम साडी नेसून आली होती, बेंबीच्या चार बोटं खाली. गोटी निघाली होती, वण विरला होता, आणि ती नवी बेंबी दाखवत म्हणाली, "हे बघ. मला जुळी हैत. लाज असली की हुतंय सगळं."

राजनंदिनीनं त्या बेंबीकडं बघितलं आणि मान खाली घातली. तिचा कुडता अजून वरच होता. टेपचं टोक माझ्या हातात होतं.

मी म्हणाले, "त्यांचं पोट पुण्यात कापून काढलंय. ही बेंबी बेळगावला केलीय. पट्टी मी करत होते."

एवढंच. मोठ्यानंही नाही. खालून बाळ रडल्याचं ऐकू आलं. राजनंदिनीनं कुडता खाली ओढला आणि ती जिन्याकडं गेली. मागच्या दारात बनाबाई पेल्यांचा ट्रे घेऊन उभी होती. ती हसली. बारीक नाही, चांगली पोट हलवून हसली. संयोगितानं पहिल्यांदा बघितलं ते तिच्याकडं, माझ्याकडं नाही.

मला वाटलं आता बायका उठतील. पेले आपटतील, फ्लेक्स ओढून काढतील, निदान दोघी-तिघी तरी रडतील. दोन वर्षं ज्यांनी आपले आकडे सगळ्यांसमोर ओरडलेले ऐकले होते, त्यांच्याकडून माझी एवढीच अपेक्षा होती. पुढच्या रांगेतली एक बाई, मार्केट यार्डात अडत दुकान असलेल्यांची सून, तिनं हात वर केला. शाळेत करतात तसा.

"बेळगावचे डॉक्टर कोण?" तिनं विचारलं.

मग दुसरीनं विचारलं की दुखतं का. तिसरीनं विचारलं की किती दिवस घरी बसावं लागतं, सासूला काय सांगायचं. एकजण उठून जवळ आली आणि वाकून संयोगिताची बेंबी बघायला लागली, देवाला वाकावं तशी. संयोगितानं एकेकीकडं बघितलं. माझ्यासमोर तिचा चेहरा बदलला, दुकानदार माल ओळखतो तसा. तिनं पदर परत सरकवला, पुन्हा त्याच जागी, बेंबीच्या खाली.

"बसा सगळ्या," ती म्हणाली. "सांगतो. त्यात लपवायचं काय हाय?"

आणि त्या बसल्या. मी टेप टेबलावर ठेवली आणि जिना उतरले. मला कुणी थांबवलं नाही. खालच्या पायरीवर राजनंदिनीची आई बाळाला थोपटत होती आणि राजनंदिनी नव्हती. ती समोरच्या गाडीवर वडापाव खात उभी होती, दोन्ही हातांनी. त्या दिवसातलं तेवढंच एक दृश्य मला आठवायला बरं वाटतं.

बनाबाईचं काम दुसऱ्या दिवशीच गेलं. मी तिला शोधत गेले तेव्हा ती शाहूपुरीत एका मुलांच्या मेसमध्ये भाकरी थापत होती. मी म्हटलं, माझ्यामुळं झालं, वाईट वाटतं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती.

"खरं बोललासा तुमी, काम ग्येलं माजं," ती म्हणाली. "तुमचं काय ग्येलं?" मग आतल्या बाईला म्हणाली की पावण्यांना च्या द्या, आणि पुढच्या गोळ्याकडं वळली. मी चहा पिऊन आले. दुसरं काय करणार?

महिनाभरात फ्लेक्स बदलला. मी राजारामपुरीतून जाताना रस्त्यावरून पाहिला. खालची ओळ गेली होती. तिथं आता 'आतून बाहेरून नवी तू' असं लिहिलं होतं. आधी शेक घेऊन वजन उतरवायचं, मग उरलेल्या कातड्यासाठी मॅडम स्वतः डॉक्टरांशी गाठ घालून देणार. बेळगावच्या शेटे डॉक्टरांनी या धंद्यात पडायला साफ नकार दिला असं कानावर आलं. त्यानं काही अडलं नाही. दुसरे कुणीतरी मिळाले. गर्दी पहिल्यापेक्षा वाढली म्हणतात. पूर्वी खोट्याला भुलून बायका येत होत्या, आता खऱ्याला भुलून येतात. रविवारी मापं अजून मोठ्यानंच वाचतात.

माझे उतरलेले सात किलो चार महिन्यांत परत आले. केस गळायचे थांबले. सम्मेदना मी सगळं सांगितलं. बैठकीचं खोटं, चिवड्याचंही. मग त्यांनी विचारलं की चिवड्यात मीठ बरोबर होतं का. मी म्हटलं, मला मिळाला कुठं?

गेल्या महिन्यात संयोगिताचा फोन आला. जणू काल भेटलो होतो अशा आवाजात बोलली. अडतवाल्यांच्या सुनेचं ऑपरेशन झालं होतं, आणखी दोघींचं ठरलं होतं, आणि पट्टी करायला बाई मिळत नव्हती. नर्सेसचे हात जड असतात म्हणाली.

"वहिनी, तुमचा हात हलका हाय. याल का?"

मी नाही म्हटलं. स्पष्ट म्हटलं, एकदाच, आणि फोन ठेवला. पण नाही म्हणायच्या आधी मी तिला तारखा कोणत्या ते विचारलं होतं, आणि तिनं सांगितलेल्या तारखा मी समोरच्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहूनही घेतल्या होत्या.